जकातीच्या खुर्चीत परका माणूस: सुधारणा की गहाणखत?

गलबत
मंडळी, गेले दोन महिने रात्रीचं जेवण उरकलं की मी चीनच्या जुन्या कस्टम खात्याबद्दल वाचत बसतो. बायको म्हणते, निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, तू मेलेल्या जकातदारांच्या मागे लागलायस. पण प्रकरण आहेच तसं.

थोडक्यात गोष्ट अशी. सप्टेंबर १८५३ मध्ये 'छोटी तलवार' नावाच्या बंडखोर मंडळाने शांघायचं तटाच्या आतलं शहर घेतलं. नदीकाठचं जकातघर लुटलं गेलं, अधिकारी पळाले. जहाजं मात्र येतच होती. मग जकात घेणार कोण? काही काळ ब्रिटिश आणि अमेरिकन वकिलातींनी आपापल्या व्यापाऱ्यांकडून 'पुढे देऊ' अशा चिठ्ठ्या लिहून घेतल्या. त्यातल्या बऱ्याचशा कधी वसूल झाल्याच नाहीत. शेवटी जुलै १८५४ मध्ये तिथला चिनी दाओताय (आपल्याकडच्या कलेक्टरसारखा समजा) आणि तीन देशांचे वकील यांच्यात ठरलं, की एक इंग्रज, एक अमेरिकन आणि एक फ्रेंच असे तीन निरीक्षक नेमायचे आणि जकात त्यांनी आकारायची. सोय तात्पुरती होती. ती जवळपास शंभर वर्षं टिकली! शेवटचा परदेशी महानिरीक्षक, लेस्टर लिटल नावाचा अमेरिकन, १९५० मध्ये पायउतार झाला.

या खात्याचा खरा बाप रॉबर्ट हार्ट. आयर्लंडातल्या पोर्टडाऊनचा. १८५४ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना वकिलातीत शिकाऊ दुभाष्या म्हणून आला, १८५९ मध्ये जकात खात्यात गेला आणि १८६३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, सगळ्या चीनच्या बंदरांचा महानिरीक्षक झाला. १९०८ मध्ये चीन सोडेपर्यंत कारभार त्याच्या हातात होता आणि १९११ मध्ये मरेपर्यंत पद त्याच्याच नावावर. १८६४ मध्ये त्याने हाताखालच्या गोऱ्यांना एक परिपत्रक काढून बजावलं होतं: तुम्ही चीन सरकारचे पगारी नोकर आहात, हे पहिल्यांदा आणि कायम लक्षात ठेवा. चिनी भाषा शिकणंही सक्तीचं.

तर प्रश्न असा. दुबळं झालेलं सरकार आपल्या तिजोरीच्या दारात परका माणूस बसवतं. वसुली वाढते, लाच कमी होते, हिशेब वेळेवर लागतो. याला सुधारणा म्हणायचं की घर गहाण टाकलं म्हणायचं? माझं मन रोज इकडून तिकडे जातं. तुम्हाला काय वाटतं?

मुलुंडकर
पहिला!
चेक नाक्यावर एक आयरिश माणूस बसवला असता तर आमच्या घरावरून जाणारी ट्रकची रांग तरी कमी झाली असती. बाकी लेख चांगला. सावकाश वाचून लिहितो.

न्हावाशेवा
गलबतराव, छान विषय. मी चौतीस वर्षं क्लिअरिंग एजंटच्या धंद्यात काढली. आधी मुंबईचे डॉक, मग पलीकडे. त्यामुळे तुमचा हा हार्ट मला घरचाच वाटला.

एक गोष्ट विचारतो. तो जकात *आकारायचा* की *घ्यायचा*? आमच्या धंद्यात हे दोन वेगळे माणसं करतात आणि त्यातच सगळी मेख असते. मी १९८० च्या दशकात उमेदवारी करत होतो तेव्हाचं चित्र सांगतो. पेटी फोडायची, अप्रेझर आतला माल बघणार, कागदावरच्या वर्णनाशी ताडून पाहणार, दर लावणार आणि आकडा लिहिणार. तो आकडा घेऊन आम्ही बँकेच्या खिडकीत. तिथे कॅशियर चष्म्यावरून बघत नोटा मोजणार, चलनावर शिक्का. शिक्क्याचं चलन दाखवलं की माल सुटला. आकडा लिहिणाऱ्याच्या हाताला पैसा लागत नाही आणि पैसा मोजणाऱ्याला माल दिसत नाही. (मधल्या मधे काय काय होतं ते इथे लिहीत नाही, पेन्शन घरपोच येऊ द्या.)

एकदा एका पार्टीच्या बेअरिंगच्या पेट्या होत्या. कागदावर साधं लोखंडी सामान. अप्रेझर म्हातारा होता, दोन वर्षांत निवृत्त होणारा. त्याने एक बेअरिंग उचललं, बोटाने फिरवलं आणि कानाला लावलं. म्हणाला, "हे लोखंड गातंय की." दर तिप्पट लागला. माझा मालक महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता, जणू मीच गायलो होतो. सांगायचं एवढंच, की जकातीत नियम कितीही लिहा, शेवटी माल हातात घेणारा माणूस कोण यावर सगळं असतं. म्हणून परका बसवला हे ऐकून मला पहिल्यांदा नवल वाटलं नाही. परका असला की निदान त्याचा चुलतभाऊ आयातदार नसतो.

तिरकस
> परका असला की निदान त्याचा चुलतभाऊ आयातदार नसतो.

काका, आख्खा शांघायचा धक्का त्याच्या चुलतभावांनीच भरलेला होता. इंग्लंडहून माल आणणारे इंग्रज आणि जकात लावणारा इंग्रज. शिवाय दर? दर कोणी ठरवला? अफूच्या युद्धानंतर तहात लिहून घेतला, साधारण किमतीच्या पाच टक्के. तोही नगावर आणि वजनावर ठरवून टाकलेला, म्हणजे मालाची किंमत वाढली तरी जकात तिथेच. स्वतःच्या दारात येणाऱ्या मालावर किती कर लावायचा हे ठरवायचा अधिकार चीनला परत मिळायला १९२९ उजाडलं.

आता कोणी म्हणेल, पण हार्ट पै न पै वसूल करायचा हो. करणारच. चोराने ठरवलेल्या भाड्याची पावती स्वच्छ अक्षरात लिहून दिली, यात कौतुक कसलं?

माझं मत नोंदवा: गहाणखत. आणि सुंदर हस्ताक्षरातलं.

गलबत
@न्हावाशेवा, काका, नेमका प्रश्न विचारलात. उत्तर रात्री सविस्तर देतो, कारण तिथेच सगळा खेळ आहे.

@तिरकस, दराचं मान्य. पण दर तहाने बांधलेलाच होता, परका निरीक्षक बसवा नाहीतर स्वकीय. मग पाच टक्क्यांतले पाच हाती येणं बरं की दोन? १८६० च्या पेकिंग करारानंतर ब्रिटन आणि फ्रान्सला प्रत्येकी ऐंशी लाख ताएल (चांदीचं चिनी वजन) खंडणी द्यायची होती आणि प्रत्येकाला जकातीचा पाचवा हिस्सा लावून दिला होता. पाचवा हिस्सा किती हे समजायला आधी एकूण किती हे समजावं लागतं. बंदरांवरच्या उत्पन्नाचा पुरा आकडा राजधानीत कळायला लागला तो या खात्यामुळे. १८६६ पर्यंत ती खंडणी फिटलीसुद्धा.

तिरकस
म्हणजे ज्याने डोकं फोडलं त्याचीच मलमपट्टीची फी वेळेवर पोचती करायला हा कारकून. मुद्दा माझ्याच बाजूने दिलात, आभारी आहे.

शेवाळ
या धाग्यात आपण सगळे असं बोलतोय की हे लांब कुठेतरी चीनमध्ये चाललं होतं. त्या जकातघरात जी पेटी उघडायची, ती कुठून आलेली असायची ते बघा.

माळव्याची अफू. म्हणजे शिंदे आणि होळकरांच्या मुलखात पिकलेली. बंगालच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती, पण माळवा संस्थानिकांचा. तिथे कंपनीला मक्तेदारी जमली नाही, तेव्हा तिने मुंबईतून जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर परवाना कर बसवला. तो चुकवायला व्यापाऱ्यांनी माल सिंधमार्गे कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला न्यायला सुरुवात केली. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, ती वाट बंद झाली आणि मग परवाना कर चढतच गेला. मुंबईच्या कितीतरी जुन्या घराण्यांची पेढी या पेट्यांवर उभी राहिली. जमशेटजी जीजीभॉय, पुढे ससून, ही नावं आपण दवाखान्यावर आणि ग्रंथालयावर वाचतो.

आता गलबत यांच्या हार्टकडे या. १८८७ पासून चीनमध्ये अफूच्या पेटीवर एकत्र ११० ताएल घ्यायचं ठरलं: ३० आयात जकात आणि ८० 'लिकिन', म्हणजे अंतर्गत नाक्यांवरचा कर. त्यासाठी हाँगकाँगसमोर कौलून आणि मकावसमोर लाप्पा इथे हार्टने नवी जकातघरं थाटली. म्हणजे एकाच पेटीवर मुंबईत इंग्रज अधिकारी इंग्रज सरकारसाठी कर घेतो आणि समुद्रापलीकडे दुसरा इंग्रज चिनी सरकारसाठी कर घेतो. मधे ती पेटी तीच. त्यातली वडी मंदसौरकडच्या कुठल्या तरी शेतकऱ्याने चिरा मारून, पहाटे खरवडून काढलेली.

माझे पणजोबा इंदूरला होळकरांच्या मुलकी खात्यात होते. घरात एक तांब्याचा काटा आहे. आई म्हणायची, सोन्याचा. मला आता शंका येते.

सुपारीचोर
शेवाळताई, काट्याचा वास घेऊन बघा. :)

बाय द वे, तिरकसभाऊंच्या चुलतभाऊ मुद्द्यात थोडी भर. हार्टचा सख्खा भाऊ जेम्स खात्यात होता आणि मेहुणा रॉबर्ट ब्रेडन वरच्या पदापर्यंत पोचला. १९०८ मध्ये हार्ट रजेवर गेल्यावर काही काळ कारभार मेहुण्याकडेच होता. सारी खुदाई एक तरफ!

मुलुंडकर
जकात म्हटल्यावर माझा विषय आला.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला बंद झाली. त्याआधी राज्यातल्या काही महापालिकांनी वसुली खाजगी ठेकेदाराला देऊन पाहिली होती. मी तेव्हा एका शहरात (नाव नको) रंगाच्या डब्यांची एजन्सी चालवत होतो. पालिकेचा कारकून असताना भाव ठरलेला असायचा, चहा वेगळा. ठेकेदार आला, दाराशी पैलवान बसले. पहिल्या महिन्यात वसुली झक्कास वाढली, पेपरात बातमी. तिसऱ्या महिन्यात माझा टेम्पो अडवून म्हणाले, रंग म्हणजे केमिकल, केमिकलचा दर वेगळा. मी म्हटलं, दरपत्रक दाखवा. पैलवान म्हणाला, "दरपत्रक मीच."

म्हणून न्हावाशेवा काकांना विचारतो, बाहेरचा आणला की शिस्त येते हे खरं, पण ती शिस्त कोणाच्या बाजूची असते?

न्हावाशेवा
अहो, पण ठेकेदार आणि पगारी नोकर यांत फरक आहे ना! ठेकेदार ठरावीक रक्कम भरतो आणि वरचं त्याचं. आपल्याकडे पेशवाईतसुद्धा जकातीचे मक्ते दिले जायचे. हार्टला टक्केवारी नव्हती. खात्याच्या खर्चासाठी ठरलेली रक्कम मिळायची आणि त्यातून तो सगळ्यांचे पगार भागवायचा. पगार घसघशीत, कारण खिसा भरलेला असला की हात पसरत नाही हा हिशेब. हे गलबतरावांनीच दिलेल्या दुव्यात आहे, मी फक्त वाचून आलो.

पाटीवरचा_खडू
इतिहासाचा मास्तर आहे, त्यामुळे लांबण लावणार. आधीच माफी.

हार्टच्या आधीचा माणूस विसरू नका, होरेशिओ नेल्सन ले. नावातच आरमार. त्याचं म्हणणं, मी चिन्यांसाठी काम करतो, त्यांच्या हाताखाली नाही. १८६२ मध्ये ताइपिंग बंड मोडायला चीनने त्याच्यामार्फत इंग्लंडातून वाफेच्या जहाजांचा एक ताफा विकत घेतला. पैसे चीनचे. ले महाशयांनी कप्तान शेरार्ड ऑसबर्नशी परस्पर करार केला, की ऑसबर्न फक्त सम्राटाचे हुकूम मानील आणि तेही ले यांच्या हातून आले तरच. म्हणजे पैसे भरा आणि चावी माझ्याकडे. ताफा १८६३ मध्ये पोचला, पेकिंगने साफ नाही म्हटलं, जहाजं परत गेली आणि ले यांची नोकरीही. त्या रिकाम्या खुर्चीत हार्ट बसला. सरकार दुबळं असलं तरी 'नको' म्हणू शकतं हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या १८६४ च्या परिपत्रकातली नम्रता तिथून आली, असं माझं मत.

मुंबईकरांसाठी गंमत: हाच ऑसबर्न पुढे १८६५ च्या सुमारास आपल्या जीआयपी रेल्वेचा मुंबईतला एजंट होता. आरमार नाही तर रेल्वे.

आता आपल्याकडचा दाखला. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉइन्य नावाचा युरोपीय सेनानी ठेवला. कवायती पलटणी उभ्या राहिल्या, लढाया जिंकल्या. पुढे दौलतरावांच्या काळात, १८०३ ला इंग्रजांशी गाठ पडली तेव्हा गव्हर्नर-जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला, की शिंद्यांकडचे इंग्रज अधिकारी इकडे या, पगार आम्ही देतो. गेले. द बॉइन्यच्या जागी आलेला पेराँ फ्रेंच, तोही लढाई रंगात आली असताना इंग्रज सेनापती लेक याच्याकडे निघून गेला. नोकरीत इमान होतं, पण स्वतःच्या देशाच्या सीमेपर्यंतच.

हार्टची अशी परीक्षा झाली का? १८८४-८५ च्या चीन-फ्रान्स युद्धात त्याने लंडनमधल्या आपल्या कॅम्पबेल नावाच्या माणसाकरवी पॅरिसमध्ये तहाची बोलणी पार पाडली, चीनच्या बाजूने. १८८५ मध्ये ब्रिटनने त्याला पेकिंगमधला आपला राजदूत नेमलं होतं, ते पद त्याने सोडून दिलं आणि जकातीत राहिला. एवढ्यावरून मी म्हणेन, पेराँपेक्षा बरा. पण इंग्लंड आणि चीन यांचं थेट युद्ध तो महानिरीक्षक असताना एकदाच झालं, १९०० च्या बॉक्सर बंडात, आणि तेव्हा तो वकिलातीत वेढ्याच्या आत पंचावन्न दिवस अडकलेला होता. त्याचं घर, कागदपत्रं जळाली. लंडनच्या टाइम्सने तर जुलैत त्याचा मृत्युलेखही छापला. बाहेर आल्यावर तो वाचायला हा जिवंत!

सुपारीचोर
मृत्युलेख चांगला असेल तर जिवंतपणी वाचायला मिळणं हे नशीबच. आमच्याकडे मेल्यावरसुद्धा नाव चुकीचं छापतात.

वाचनमात्र
सात वर्षं फक्त वाचतोय, पहिला प्रतिसाद. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कामानिमित्त काही वर्षं आखातात होतो, तिथे एक इराणी सहकारी होता. त्याच्यापुढे बेल्जियमचं नाव काढलं की तो वैतागायचा. मला कळेना, बेल्जियमने कोणाचं काय वाकडं केलंय? मग त्याने सांगितलं आणि मी नंतर वाचलं.

इराणमध्ये जकातीचे मक्ते असायचे. १८९८ मध्ये शहाने बेल्जियन अधिकारी बोलावले, मुख्य जोसेफ नाउस. बेल्जियन का, तर छोटा देश, रशियन नाही आणि इंग्रजही नाही. मक्ते मोडले, वसुली वाढली. इथपर्यंत चीनसारखंच. पण १९०० मध्ये शहाने रशियाकडून सव्वादोन कोटी रुबल कर्ज घेतलं, तारण म्हणून आखाती बंदरं सोडून बाकी जकात. मग रशियाबरोबर नवा जकात करार झाला, १९०३ पासून लागू. तो बसवण्यात नाउसचा हात होता. रशियन मालाला सवलत आणि आपल्याकडून जाणाऱ्या चहावर दणका. इराणी व्यापारी पूर्वी मक्तेदाराशी घासाघीस करायचे, आता पूर्ण भरायचे आणि त्यांना दिसत होतं की पैसा रशियाच्या हप्त्यात चाललाय.

१९०५ मध्ये नाउसचा एक फोटो फिरला. फॅन्सी ड्रेसच्या पार्टीत मुल्लाचा वेश घालून बसलेला. मोहरमचे दिवस. बाजार पेटला. त्याच वर्षी डिसेंबरात तेहरानच्या गव्हर्नरने साखर महाग विकली म्हणून व्यापाऱ्यांना तळपायांवर फटके मारले आणि १९०६ मध्ये शहाला संविधान द्यावं लागलं. १९०७ मध्ये नाउस गेला. सगळं एका फोटोमुळे झालं असं नाही, पण घराघरात पोचला तो फोटो. दरपत्रक कोण वाचतं?

पुढे १९११ मध्ये मजलिसने (इराणची संसद) मॉर्गन शुस्टर हा अमेरिकन तिजोरीवर आणला. हा खरंच इराणच्या बाजूने उभा राहिला. तर जकातीचा बेल्जियन प्रमुख त्याला जुमानेना आणि रशियाने निर्वाणीचा खलिता पाठवून आठ महिन्यांत त्याला घालवलं. माझा सहकारी म्हणायचा, "परका आमच्या कामाचा निघाला की तो टिकत नाही आणि टिकला की समजायचं, तो आमच्या कामाचा नाही."

तिरकस
वाचनमात्र, सात वर्षं कुठे होतात? या वाक्यावर धागा बंद करायला हरकत नाही.

पाटीवरचा_खडू
वाक्य छान आहे, पण चीनला लागू होत नाही. हार्ट टिकला आणि त्याने टपाल खातं (१८९६), दीपगृहं, भाषांतर शाळेला पैसा, हेही दिलं.

मांडवीपार
अवांतर करतेय, पण राहवत नाही. जुन्या मराठीत जकातघराला 'मांडवी' म्हणत. मुंबईचं मांडवी त्यातूनच. फुरजा हा आणखी एक शब्द. आमच्या गोव्यात आल्फांद, पोर्तुगीज आल्फांदेगावरून.

माझी आजी सावंतवाडीकडची, दिलेली गोव्यात. मुक्तीच्या आधी बेळगावला मावशीकडे जायचं म्हणजे रेल्वेने. कुळ्याला पोर्तुगीज तपासणी आणि कॅसलरॉकला भारताची. आजी येताना एकावर एक तीन लुगडी नेसून यायची. मे महिन्यात! तपासणीची बाई तिथलीच, ख्रिस्ती, आजीच्या ओळखीची. ती आजीकडे बघायची आणि म्हणायची, "वैनी, बरीच अंगावर आल्यात तुम्ही." आजी म्हणायची, "मावशीकडचं जेवण गो." एकदा त्या बाईच्या जागी लिस्बनहून आलेला कोणी पाकलो (गोरा पोर्तुगीज) उभा होता. त्याने दोन लुगडी उतरवायला लावली, पावती फाडली. पावती नियमाप्रमाणे होती हे आजी मान्य करायची. पण त्याला शिव्या देताना तिच्या जिभेला जी धार यायची ती आयुष्यभर गेली नाही.

तर वसुलीच्या दृष्टीने पाकलो बरा. बाकी तुम्ही ठरवा.

मुलुंडकर
ताई, तीन लुगड्यांवर स्वतंत्र धागा काढा. _/\_

शेवाळ
तिरकस आणि गलबत यांच्या भांडणात एक गोष्ट निसटतेय. आपल्याकडे तुलना करायला चीनमध्ये जायला नको. मुंबई बंदराची जकात तर सरळ इंग्रजांचीच होती, 'नेमणूक' वगैरे नाटक नाही. १८८२ मध्ये कापडावरची आयात जकात काढली, लँकेशायरसाठी. पुढे पैशाची चणचण झाली म्हणून पुन्हा लावली, तर १८९६ मध्ये आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, म्हणजे मँचेस्टरला रडायला जागा नको. ती १९२६ ला गेली. म्हणजे चीनमध्ये दर बाहेरच्यांनी ठरवला आणि वसुली चीनच्या नावावर झाली. इथे दोन्ही बाहेरच्यांचंच. आणि मुंबईच्या गिरण्यांचं सूत जायचं कुठे? चीनला! तिथे हार्टच्या माणसांनी तपासलेलं.

आजीचा_बटवा
सगळे दर आणि टक्के बोलताय. त्या खात्यातल्या चिनी माणसांचं काय? गोरे काहीशे आणि चिनी काही हजार, असं वाचलं. कारकून, मापारी, नावाडी, दुभाषे. हार्टच्या हयातीत त्यातला एकही कमिशनरच्या खुर्चीत बसला नाही. पंचेचाळीस वर्षं! एखाद्याला घडवायला किती काळ लागतो? मी शाळेत शिकवते, पंचेचाळीस वर्षांत पहिलीतली मुलं आजोबा होतात.

आणि ज्या हार्टने चीनवर प्रेम केलं म्हणतात, त्याला तरुणपणी आयाऊ नावाच्या चिनी बाईपासून तीन मुलं होती. ती इंग्लंडला पाठवून दिली आणि नंतर रीतसर आयरिश मुलीशी लग्न. 'पगारी नोकर आहात, लक्षात ठेवा' वगैरे दुसऱ्यांना सांगणं सोपं असतं.

पाटीवरचा_खडू
बटवाताई, पहिल्या मुद्द्यावर निरुत्तर. माझ्याच उत्तराला भोक पडलं.

गलबत
रात्र झाली, आता न्हावाशेवा काकांचं उत्तर.

काका, हार्ट फक्त आकारायचा! त्याच्या कमिशनरने माल तपासायचा, आकडा लिहायचा. व्यापारी तो कागद घेऊन चिनी अधीक्षकाच्या अखत्यारीतल्या पेढीवर जायचा, चांदी तिथे भरायचा, पावती आणायचा. अगदी तुमची खिडकी. १८५४ पासून १९११ पर्यंत परक्यांनी चांदीला हात लावला नाही. लिहिणारा परका, मोजणारा चिनी आणि दोघांच्या वह्या एकमेकींवर पहारा करणार. मला सुरुवातीला 'सुधारणा' म्हणावंसं वाटलं ते यामुळे.

पण आज दुपारी पुढचं वाचलं. १८९५ मध्ये जपानकडून हरल्यावर चीनवर वीस कोटी ताएल खंडणी बसली, जपानने घेतलेलं लिआओतुंग द्वीपकल्प सोडवायचे तीन कोटी वेगळे. एवढा पैसा कुठला? १८९५ ला फ्रेंच-रशियन कर्ज, १८९६ आणि १८९८ ला इंग्रज-जर्मन कर्जं, प्रत्येकी एक कोटी साठ लाख पौंडांची. तारण जकात. सावकारांनी एवढी कर्जं दिली कशाला? कारण हार्टच्या वह्या इतक्या चोख होत्या की पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत किती जमा होईल हे लंडनमध्ये बसून सांगता यायचं. जुन्या दाओतायच्या गळक्या जकातीवर कोणी छदाम दिला नसता. सातबारा स्पष्ट असलेलीच जमीन सावकार गहाण घेतो. १८९८ मध्ये ब्रिटनने कबूलही करून घेतलं, की ब्रिटिश व्यापार सर्वांत जास्त आहे तोवर महानिरीक्षक ब्रिटिशच. १९०१ मध्ये बॉक्सर बंडाची खंडणी आली, पंचेचाळीस कोटी ताएल, एकोणचाळीस वर्षांत फेडायची. तिच्या तारणातही जकात.

आणि १९११ मध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा हार्टनंतरचा एग्लेन म्हणाला, गोंधळात पैसा सुरक्षित राहावा म्हणून आता वसुलीही आम्हीच करतो आणि परदेशी बँकांत ठेवतो. कर्जाचे हप्ते आधी, उरलं ते चीन सरकारला. काका, त्या दिवशी तुमची खिडकी बंद झाली.

तिरकस, मी तुमच्या बाजूला पाऊणपर्यंत आलोय. उरलेला पाव एवढ्यासाठी, की हार्टच्या पहिल्या तीस वर्षांत कोणी हे ठरवून केलं होतं असं मला दिसत नाही. माणूस प्रामाणिकपणे वही लिहीत होता.

तिरकस
पाव ठेवा तुमच्याकडे. त्याबरोबर मिसळ मी देतो, पुण्याला आलात की.

न्हावाशेवा
खिडकीचं वाचून जीव जरा हलला. आमच्याकडे आता सगळं ऑनलाइन, खिडकीच नाही. तो चष्मेवाला कॅशियर गेल्या वर्षी वारला.

एक राहिलेलं विचारतो. त्या अंतर्गत नाक्यांचं काय? लिकिन म्हणालात.

पाटीवरचा_खडू
लिकिन १८५३ पासून, ताइपिंगशी लढायला पैसा हवा म्हणून प्रांतांनी बसवलं. परदेशी व्यापाऱ्याला मात्र अर्धी जकात, म्हणजे अडीच टक्के, एकदम भरून ट्रान्झिट पास मिळायचा आणि सगळे नाके माफ. मग चिनी व्यापारी काय करणार? एखाद्या गोऱ्याचं नाव भाड्याने घ्यायचे. माल चिनी, गाडी चिनी, कागदावर मिस्टर अमुकतमुक.

मुलुंडकर
माझ्या टेम्पोवर मिस्टर अमुकतमुक लिहिलं असतं तर पैलवानाने सलाम ठोकला असता. वीस वर्षं उशिरा कळलं.

दूरदेशी
उशिरा आलो, शांघायमध्ये आहे, त्यामुळे ही संकेतस्थळं कधी उघडतात, कधी नाही. धागा वाचला आणि संध्याकाळी मुद्दाम 'बंड'वर (इथला नदीकाठचा जुना रस्ता) चालत गेलो. १९२७ चं कस्टम हाउस तसंच उभं आहे, वर घड्याळाचा मनोरा, लंडनच्या बिग बेनच्या धर्तीवरचा. खाली दारावर पाटी चिनी कस्टमचीच, खातं अजून तिथेच आहे. हार्टचा पुतळा इथून जवळच होता, तो १९४२ च्या सुमारास जपान्यांनी काढून नेला. जागा शोधली, सापडली नाही. तिथे एक बाई भाजलेली रताळी विकत होती. तिला विचारण्याएवढं माझं चिनी चांगलं नाही.

घड्याळाचा फोटो जोडतोय.

गलबत
फोटो दिसत नाहीये हो.

दूरदेशी
थांबा, पुन्हा चढवतो.

मांडवीपार
मलाही नाही दिसत.

सुपारीचोर
कस्टमने अडवला असेल. अर्धी जकात भरा, पास घ्या.